उत्तर न सांगणारी शिकवणी: शहापुरातील गणिताच्या गृहपाठ वर्गाविषयी

बेळगावात दहावीच्या गणिताच्या शिकवण्यांना तोटा नाही. खडेबाजारापासून टिळकवाडीपर्यंत जागोजागी फलक दिसतात आणि शाळा सुरू व्हायच्या सुमारास वर्तमानपत्राच्या घडीतून रोज एखादे पत्रक घरात येते. मात्र शाळेत दिलेला गृहपाठ मुलांनी स्वतः बसून सोडवावा आणि अडेल तिथे जाणते माणूस शेजारी असावे, एवढीच गरज मनात धरून शोधाशोध केली, तर हाती फारसे काही लागत नाही. शहापुरातील एका जुन्या घराच्या माडीवर चालणारा हा वर्ग नेमकी तीच गरज भागवतो. माझी मुलगी नववीपासून तिथे जाते, ती आता एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, वर्षात आहे. पुतण्याही यंदा आठवीपासून जाऊ लागला आहे. बीजगणित आणि भूमिती या दोन्हींचा गृहपाठ तिथे कसा करून घेतला जातो, हे मी जवळून पाहिले आहे, आणि मराठी माध्यमातील मुलांच्या पालकांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वर्गाला नाव नाही, दारावर पाटीही नाही. निवृत्त गणित शिक्षक असलेले एक सर आणि त्यांना मदत करणारी, गणित घेऊन बीएस्सी करणारी एक ताई, एवढाच त्यांचा पसारा. सोमवार ते शुक्रवार सायंकाळी साडेपाच ते आठ अशी वेळ असून, सोमवार व बुधवार बीजगणिताला, मंगळवार व गुरुवार भूमितीला, आणि शुक्रवार ज्याचे जे अडले असेल त्याला, अशी विभागणी आहे. शुल्क महिन्याला सहाशे रुपये. एकाच घरातील दुसऱ्या मुलाला निम्मे. मुले सतरंजीवर बसतात, पुढ्यात बैठी मेजे असतात. वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत अनेक घरांत यंत्रमाग चालतात आणि मागाच्या खडखडाटात गणिताचे पुस्तक उघडून बसणे किती अवघड असते, हे ज्यांच्या घरी माग आहे त्यांना सांगायला नको. अशा घरांतील मुलांना अडीच तासांची शांत जागा मिळते, हीच माझ्या दृष्टीने अर्ध्या शुल्काची भरपाई आहे.

वर्गाचा मुख्य नियम असा, की उत्तर कोणी सांगत नाही. आत येताच गाईड आणि मोबाईल कपाटात ठेवावे लागतात. प्रत्येक उदाहरणाच्या आधी वहीत तीन ओळी लिहाव्या लागतात: काय दिले आहे, काय काढायचे आहे, आणि सुरुवात कुठून करणार. या तीन ओळी लिहिलेल्या नसतील तर सर वही हातात घेत नाहीत. लिहिलेल्या असतील तर ते कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवून विचारतात, की ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली. मुलाला सांगता आले तर ते पुढे सरकतात. सांगता आले नाही तर मूल स्वतःच मागे जाते. पहिल्या महिन्यात हे मुलांना जाचक वाटते आणि पालकांनाही वाटते, कारण शेजारच्या मुलाचा पूर्ण सराव संच लिहून झालेला असतो आणि आपल्या मुलाची जेमतेम चार उदाहरणे झालेली असतात. याआधी शहरातल्या एका मोठ्या वर्गात आम्ही मुलीला घातले होते. तिथे फळ्यावरची उत्तरे उतरवून घेण्याचा वेग चांगला होता, वह्या भरत होत्या, आणि घरी तेच उदाहरण आकडे बदलून दिले की तिचे पेन थांबत होते. त्या अनुभवानंतर चार उदाहरणांचे मोल मला अधिक वाटते.

बीजगणिताचा एक प्रसंग सांगतो. वर्गसमीकरणांच्या प्रकरणातील शाब्दिक उदाहरण होते: एक बस १२० किलोमीटर अंतर एकसमान वेगाने कापते, तिचा वेग ताशी १० किलोमीटरने जास्त असता तर तिला एक तास कमी लागला असता, तर बसचा वेग काढा. येळ्ळूरहून येणाऱ्या एका मुलीने वेग एक्स मानला आणि वाढलेल्या वेगाच्या वेळेतून मूळ वेगाची वेळ वजा करून ती वजाबाकी एकाबरोबर मांडली. पुढची सगळी आकडेमोड तिने बिनचूक केली. तिचे समीकरण आले: एक्सचा वर्ग, अधिक १० एक्स, अधिक १२००, बरोबर शून्य. विवेचक (समीकरणाला वास्तव उत्तरे आहेत की नाहीत हे सांगणारी संख्या) काढला तर १०० वजा ४८००, म्हणजे उणे ४७००. विवेचक ऋण असेल तर वास्तव मुळे नसतात, हे तिला चांगले पाठ होते, म्हणून तिने तसेच लिहून खाली दोन रेघा मारल्या.

सरांनी खोडरबर मागितला नाही, की लाल पेनही उचलले नाही. ते म्हणाले, ‘बस पोहोचली असं गणितातच लिहिलंय, मग तिला वेगच नाही असं कसं होईल? कुठला वेळ मोठा, ते आधी ठरव की.’ मुलीने वेग, अंतर आणि वेळ असे तीन रकाने पाडले, कमी वेगाला जास्त वेळ लागतो हे स्वतःच्या अक्षरात लिहिले, आणि मग मांडणी उलटी केली: १२० भागिले एक्स, वजा १२० भागिले एक्स अधिक १०, बरोबर १. या वेळी समीकरण आले एक्सचा वर्ग, अधिक १० एक्स, वजा १२००, बरोबर शून्य. अवयव पडले, एक्स अधिक ४० आणि एक्स वजा ३०. म्हणजे एक्सची किंमत उणे ४० किंवा ३०. वेग ऋण नसतो म्हणून उणे ४० सोडून दिले, हे वाक्य तिच्याकडून पूर्ण लिहून घेतले गेले, कारण बरीच मुले नको असलेल्या मुळावर नुसती फुली मारून मोकळी होतात. शेवटी ताळा: ताशी ३० च्या वेगाने चार तास, ताशी ४० च्या वेगाने तीन तास, फरक एक तासाचा. एवढ्याला वीस-पंचवीस मिनिटे लागली असतील. पण वजाबाकीची दिशा चुकली तर गणित आपणच कुठे ओरडते, हे त्या मुलीला त्या दिवशी कळले; ते पुस्तकातल्या कोणत्याही सोडवलेल्या नमुन्यात लिहिलेले नसते.

भूमितीचे दोन दिवस तर या वर्गाचे खरे वैशिष्ट्य मानावे लागेल. इथे सरांचा एक आग्रह आहे, की आकृती देखणी काढायची नाही. पहिल्यांदा मला हे विचित्र वाटले होते. कारण कळले ते पुढील उदाहरणाने. समलंब चौकोन एबीसीडी, त्यात एबी आणि डीसी समांतर, कर्ण ओ बिंदूत छेदतात. एबी १२ सेंटिमीटर, सीडी ८ सेंटिमीटर, कर्ण एसी १५ सेंटिमीटर. तर एओ किती? एका मुलाने दोन्ही बाजू सारख्या तिरक्या असलेला, छानसा सममित समलंब चौकोन काढला. त्रिकोण एओबी आणि त्रिकोण डीओसी समरूप आहेत असे लिहिले, एओ आणि डीओ यांचे गुणोत्तर १२ : ८ म्हणजे ३ : २ घेतले, आकृतीत डीओ आणि सीओ सारखेच दिसतात म्हणून डीओच्या जागी सीओ घातले, आणि १५ चे ३ : २ असे भाग पाडून एओ ९ सेंटिमीटर असे उत्तर काढले.

उत्तर बरोबर आहे. पुस्तकाच्या मागच्या पानाशीही ते जुळले असते आणि बहुतेक ठिकाणी त्यावर बरोबरची खूण झाली असती. इथे मात्र वही परत गेली. सरांनी त्याला तोच चौकोन पुन्हा काढायला सांगितला, पण एडी ही बाजू एबीला लंब ठेवून. मुलाने ए पाशी लंब उभारला, त्याला समांतर अशी ८ सेंटिमीटर अंतरावर रेषा ओढली, कंपासमध्ये १५ सेंटिमीटर घेऊन ए मधून कंस मारला, सी मिळवला, तिथून लंबावर डी आणला आणि कर्ण जोडले. आता पट्टी लावून मोजायला सांगितले. एओ ९ भरले, सीओ ६. पण डीओ जवळजवळ ७ आणि बीओ जवळजवळ साडेदहा. एओ आणि डीओ यांचे गुणोत्तर ३ : २ येईना. एओ आणि सीओ यांचे येत होते, बीओ आणि डीओ यांचेही येत होते. मग तो मुलगा स्वतःच कोनांकडे वळला: एसी ही छेदिका घेतली तर ए जवळचा कोन सी जवळच्या व्युत्क्रम कोनाइतका, बीडी घेतली तर बी जवळचा कोन डी जवळच्या कोनाइतका. म्हणजे ए ची जोडी सी शी आणि बी ची जोडी डी शी; त्रिकोण एओबी समरूप आहे त्रिकोण सीओडीशी, डीओसीशी नव्हे. सममित आकृतीत दोन्ही जोड्या सारख्याच दिसतात, म्हणून तिथे चूक लपून राहते. शिरोबिंदूंचा क्रम हा समरूपतेच्या उदाहरणांचा कणा आहे आणि तो पाठ करून येत नाही, हे त्या मुलाने मोजपट्टीने पाहिले. मी तेव्हा मुलीला घ्यायला लवकर गेलो होतो आणि जिन्यापाशी उभा राहून हे सगळे पाहत होतो. माझ्या शाळेत भूमिती अशी शिकवली गेली असती तर फार बरे झाले असते, असे तेव्हा मनापासून वाटले.

प्रमेयांच्या बाबतीतही हाच काटेकोरपणा आहे. थेल्सचे प्रमेय असो वा बाह्य बिंदूतून वर्तुळाला काढलेल्या स्पर्शिका समान असतात हे प्रमेय, आकृती, दिलेली माहिती, साध्य, रचना आणि सिद्धता हे भाग वेगवेगळे लिहून घेतले जातात आणि सिद्धतेच्या प्रत्येक ओळीसमोर कारण लिहावे लागते. आपल्या परीक्षेत या भागांना स्वतंत्र गुण असल्यामुळे, सिद्धता मधेच अडली तरी वरचे गुण हातचे जात नाहीत, हा व्यावहारिक फायदाही आहे. आलेखाच्या उदाहरणांत प्रमाण लिहिणे, अक्षांना नावे देणे, बिंदूंचे निर्देशक कंसात लिहिणे या गोष्टींवर ताईची नजर असते आणि ती फार चांगली आहे.

आता सीमाभागातील पालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या मुलांना मराठीतून गणित समजावून देणारे जे साहित्य सहज मिळते, मग ती बाजारातील गाईड असोत की मोबाईलवरचे व्हिडिओ, ते बहुतेक सगळे महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचे असते. तिकडे दहावीला बीजगणित आणि भूमिती अशा प्रत्येकी ४० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात; इकडे गणिताची एकच ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन. तिकडच्या बीजगणितात निश्चयक वापरून एकसामयिक समीकरणे सोडवण्याची क्रेमरची पद्धत आहे, जीएसटी आणि शेअर यांवरचे अर्थनियोजनाचे प्रकरण आहे. भूमितीत स्पर्शिका-छेदिकेचे प्रमेय आणि अपोलोनियसचे प्रमेय आहे. आपले कर्नाटकाचे पुस्तक एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या पुस्तकावर बेतलेले असल्यामुळे त्यात हे नाही. एकसामयिक समीकरणांसाठी आलेख, आदेशन आणि लोप या पद्धती आहेत. बेळगावचे मूल कोल्हापूर-पुण्याकडचा व्हिडिओ पाहून क्रेमरची पद्धत शिकते, गृहपाठात वापरते, आणि शाळेत वही अपुरी ठरते, हे अनेक घरांत घडते. यात मुलाचा दोष काहीच नसतो. त्याला आपल्या भाषेत समजावणारे जे मिळाले ते त्याने घेतले.

या वर्गात सरांकडे दोन्ही राज्यांची पुस्तके आहेत आणि त्यांना दोन्हींची नेमकी माहिती आहे. चंदगड तालुक्यातून आठवीनंतर इकडे आलेली मुले आहेत, तशीच सगळी शाळा बेळगावात झालेलीही आहेत. मूल वेगळी पद्धत घेऊन आले तर सर ती चूक ठरवत नाहीत. ते त्याला त्या पद्धतीने उत्तर काढू देतात, नंतर तेच उदाहरण लोप पद्धतीने करायला लावतात आणि दोन्ही उत्तरे एकच का येतात, हे विचारतात. परीक्षेत कोणती पद्धत लिहायची ते मग स्पष्ट सांगतात. दोन राज्यांच्या मधल्या रेषेवर शिकणाऱ्या मुलांना अशी वागणूक मिळणे ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे, आणि केवळ त्यासाठी मी या वर्गाची शिफारस केली असती.

उणिवाही आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. पहिली म्हणजे गर्दी. दिवाळीनंतर दहावीची मुले वाढतात, माडीवर बसायला जागा पुरत नाही, आणि सरांची एका मुलाला मिळणारी वेळ जूनच्या मानाने स्पष्टपणे कमी होते. त्या दिवसांत ताईवर भार येतो आणि घाईत ती पुढची पायरी स्वतःच सांगून टाकते. तिची समज उत्तम आहे, पण थांबण्याची सवय अजून व्हायची आहे. वर्गाने मुलांची संख्या ठरवून घ्यावी, असे मी सरांना प्रत्यक्षही सुचवले आहे. दुसरी उणीव सांख्यिकी आणि संभाव्यतेची. हे घटक बीजगणिताच्या दिवसांत शेवटी उरकले जातात. संचित वारंवारतेचे तक्ते घरीच पूर्ण करा असे सांगितले जाते, आणि मध्यकाच्या सूत्रात आधीच्या वर्गाची संचित वारंवारता घ्यायची की मध्यक वर्गाची, हा नेहमीचा गोंधळ तसाच राहतो. माझ्या मुलीचा तो गोंधळ शाळेतल्या बाईंनी सोडवला.

तिसरी अडचण परगावच्या मुलांची. येळ्ळूर, धामणे या गावांतील मुलांना आठपर्यंत थांबले तर बस गाठताना ओढाताण होते, म्हणून ती साडेसातलाच उठतात. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे मुलींना बसचे भाडे पडत नाही, त्यामुळे गावाकडून येणाऱ्या मुलींची संख्या चांगली आहे. त्यांच्यासाठी वर्ग अर्धा तास आधी सुरू केला तर फार सोयीचे होईल. याशिवाय पालकांना लेखी प्रगती कळवण्याची काही पद्धत नाही. आपण जाऊन विचारले तर सर मुलाची वही उघडून समोर ठेवतात आणि कुठे अडते ते दाखवतात, पण ज्यांना नोकरी वा मागामुळे सायंकाळी जाणे जमत नाही, त्यांना काहीच कळत नाही.

कोणत्या मुलाला इथे घालावे, हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. मूल शाळेत नियमित जात असेल, शिकवलेले थोडेफार समजत असेल, पण घरी एकटे बसले की गृहपाठ अडत असेल, तर त्याच्यासाठी याहून चांगली जागा मला शहापूर-वडगाव भागात ठाऊक नाही. प्रकरण मुळापासून शिकवून हवे असेल तर मात्र हा वर्ग पुरा पडणार नाही, कारण इथे फळ्यावर धडा शिकवला जात नाही. इंग्रजी माध्यमाची काही मुले येतात, त्यांना सर सांभाळून घेतात; तरी सगळे बोलणे मराठीतून चालत असल्यामुळे ती मुले प्रमेयांच्या दिवशी मागे पडलेली मी पाहिली आहेत. त्यांच्या पालकांनी आधी एक आठवडा बसवून पाहावे, सरांची त्याला हरकत नसते. ऐन फेब्रुवारीत उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळवून द्या म्हणून येणाऱ्यांना सर नम्रपणे परत पाठवतात. ते मला योग्य वाटते, कारण वर सांगितलेली सवय अंगवळणी पडायला निदान दोन-तीन महिने लागतात.

प्रवेश घ्यायचा असेल तर नववीच्या जूनमध्येच जावे. बरोबर कर्नाटकाच्या गणिताच्या पुस्तकाचे दोन्ही भाग न्यावेत. ती कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्थेच्या संकेतस्थळावरून मराठीतही विनामूल्य उतरवून घेता येतात, पण मोबाईल कपाटात जात असल्यामुळे छापील प्रतच लागते. भूमितीसाठी रेघा नसलेली वही आणि पेच घट्ट बसणारा कंपास घ्यावा. स्वस्त पेटीतला ढिला कंपास १५ सेंटिमीटरचा कंस मारताना हमखास सरकतो आणि मग मोजमाप जुळत नाही. पहिल्या दिवशी मुलाबरोबर पालकांनी अर्धा तास तरी बसावे, असे सर स्वतःच सुचवतात.